यंत्रातले पाणी : तिरोड्याच्या टॉवरपासून टेबलावरच्या संगणकापर्यंत

गोंदिया जिल्ह्यात पाण्याने यंत्र थंड करण्याचे सर्वांत भव्य उदाहरण तिरोड्याला आहे. तिथल्या औष्णिक वीजकेंद्रात ६६० मेगावॅटचे ५ संच आहेत, म्हणजे एकूण ३३०० मेगावॅट. टर्बाइन फिरवून आलेल्या वाफेची उष्णता पाणी उचलते आणि कूलिंग टॉवरमध्ये हवेच्या स्वाधीन करते. हा थ्रेड याच कल्पनेच्या टेबलावर मावणाऱ्या रूपाविषयी आहे: आवाज न करणारा संगणक जुळवताना करायची पाण्याची योजना आणि तिच्यामागचा इतिहास.

प्रारंभी संगणकात पाणी नव्हतेच. १९४६च्या एनिअॅकमध्ये सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या आणि त्यांची उष्णता प्रचंड पंखे बाहेर फेकत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅकमध्येही सुमारे २७०० नळ्या होत्या. यंत्रे खोलीभर पसरलेली असल्याने हवेला शिरायला वाव होता.

पुढे भाग लहान होत गेले, एकमेकांना चिकटले आणि वाव संपला. आयबीएमने १९६०च्या दशकातच मोठ्या यंत्रांत पाणी आणले. १९८०मध्ये जाहीर झालेल्या ३०८१ या यंत्रातली रचना मला आजही सर्वांत देखणी वाटते. प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा छोटा दट्ट्या, भोवती हेलियम वायू आणि वर पाण्याने थंड केलेली पट्टी. पाणी चिपला कुठेही शिवत नसे. १९८५च्या क्रे-२ने तर हा सोवळेपणाच सोडला आणि सगळी सर्किटे वीज न वाहणाऱ्या फ्लुओरिनर्ट द्रवात बुडवून टाकली.

आणि मग पाणी गेले! १९९०च्या दशकाच्या मध्यावर कमी वीज खाणारे सीमॉस तंत्र मोठ्या यंत्रांत आले आणि हवा पुन्हा पुरेशी ठरली. पण सीमॉस चिपही तापतच गेली. आयबीएमने २००८मध्ये पॉवर ५७५ या यंत्रात पाणी परत आणले. आपल्याकडे पुण्यात भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ साली आलेला ‘प्रत्युष’ द्रवशीतित आहे. पुण्याच्याच आयसरमधील ‘परम ब्रह्म’ या २०१९च्या महासंगणकात द्रव थेट प्रोसेसरवरच्या पट्टीतून खेळतो.

या सगळ्या ये-जा करण्यामागे प्रश्न एकच होता: एवढ्याशा जागेतून एवढी उष्णता कशी काढायची? शांततेचा विचार त्यात नव्हता. महासंगणकाच्या खोलीत कोणी झोपत नाही. शांततेसाठी पाणी हा घरगुती संगणकाचा प्रश्न आहे, म्हणून महासंगणकाचे उत्तर जसेच्या तसे उचलणे चुकीचे.

आकारमानाच्या हिशोबाने पाणी हवेच्या सुमारे ३५०० पट उष्णता वाहते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ३०० वॅट उष्णता निघत असेल आणि मिनिटाला १ लिटर पाणी फिरत असेल, तर एका फेरीत ते जेमतेम ४ अंशांनी तापते. तेव्हा मोठा, घरघरणारा पंप घेऊन काहीही साधत नाही. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, फक्त दुसरीकडे नेते. शेवटी ती रेडिएटरवरून हवेतच सोडावी लागते. आवाज ठरतो तो तिथे. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून पैसे खर्चायचे ते रेडिएटरच्या क्षेत्रफळावर. ३ पंख्यांच्या जागी ६ पंखे, पण रांगत चालणारे. आणि केवळ १०० वॅटचा प्रोसेसर असेल, ग्राफिक्स कार्ड नसेल, तर खरे सांगायचे तर पाण्याचा खटाटोपच नको. चांगला मोठा हीटसिंक पुरतो, त्यात पंपाची गुणगुणही नसते.

आता गोंदियाचा मे महिना. बाहेर पारा ४५च्या आसपास, एसी नसलेली खोली ३८ धरू. तिरोड्याच्या टॉवरमध्ये किंवा आपल्या खिडकीतल्या कूलरमध्ये पाणी वाफ होऊन उडते, म्हणून ते भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होऊ शकते. संगणकातले वर्तुळ मात्र बंद असते. तिथे वाफ नाही, त्यामुळे पाणी खोलीपेक्षा थंड होणे अशक्य. रेडिएटर सढळ असला तरी पाणी खोलीहून १० अंश वर राहील असे गृहीत धरावे, म्हणजे ४८. पुणे-मुंबईच्या एसी खोलीत केलेल्या चाचण्यांचे आकडे वाचून घेतलेला छोटा रेडिएटर इथे एप्रिलमध्येच ओरडू लागेल. पाणी ६०च्या दिशेने सरकले तर पीईटीजीच्या कडक नळ्या नरम पडण्याची भीती असते. म्हणून इथे रबरी नळ्या बऱ्या, दिसायला साध्या असल्या तरी. (खोलीत कूलर भरधाव चालू असताना शांत संगणकाचे सुख किती मिळणार, हा प्रश्न वेगळा. ते सुख डिसेंबरमधले.)

रेडिएटर तांब्याचा असेल तर वर्तुळात ॲल्युमिनियमचा एकही जोड नको. दोन धातू आणि पाणी एकत्र आले की गंज धरतो. नळाचे किंवा बोअरचे पाणीही नको, कारण त्यातले क्षार बारीक खाचांत साचतात. डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक मिसळावे. पंप सर्वांत उंच जागी बसवू नये, तिथे हवा जमते आणि तो खडखडतो. खाली फोमचा तुकडा घालावा.

गळतीची धास्ती मात्र खरी आहे. ॲपलने २००४मध्ये पॉवर मॅक जी५च्या सर्वांत वेगवान प्रकारात द्रव खेळवला, तोही पंखे संथ ठेवता यावेत म्हणूनच. पुढे या मालिकेतली अनेक यंत्रे गळाली आणि द्रवाने आतले भाग खाल्ले. म्हणून वर्तुळ भरल्यावर वीज फक्त पंपाला द्यावी, प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवावा आणि पूर्ण २४ तास पाणी फिरू द्यावे. सगळे कागद कोरडे निघाले, तरच मदरबोर्डची वायर जोडावी.