घोणस, घोडा आणि काचेची नळी

डहाणू लोकलमध्ये कानात इअरफोन घालून ऐकत असाल, तर पालघर-बोईसरच्या मध्ये जरा खिडकीबाहेर बघा. पावसाळ्यात इथे भाताची लावणी चालते. घोणस पण तिथेच असते.

ती चावते तेव्हा रक्ताचं काय होतं? विष रक्त गोठवणारे घटक, मुख्यतः पाचवा आणि दहावा, उगाच चालू करतं. गोठायचं सगळं सामान त्यातच संपतं. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त यायला लागतं. हिमोफिलिया बहुतेक वेळा जन्मापासून असतो; हा रक्तस्राव बांधावर एका क्षणात मिळतो.

यावर औषध म्हणजे उसन्या अँटिबॉडी. घोड्याला थोडंथोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात अँटिबॉडी तयार झाल्या की त्या वेगळ्या काढून रुग्णाला द्यायच्या. १८९० च्या दशकात आल्बेर काल्मेट या फ्रेंच डॉक्टरनं नागाच्या विषावर असं सीरम बनवलं. ते सगळ्याच सापांवर चालेल, असं त्याला वाटत होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर, एकच टेस्ट केस पास झाली आणि कोड थेट प्रॉडक्शनला!

हे तपासलं गेलं ते आपल्या मुंबईत. परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिनमध्ये, जॉर्ज लॅम आणि विल्यम हॅना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सापांच्या विषावर काम करत होते. नागाचं सीरम घोणशीच्या विषापुढे निकामी ठरलं. पुढे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच औषध आलं. आजही सरकारी दवाखान्यात तेच मिळतं.

ते द्यायचं की नाही, हे ठरवणारी तपासणी मला फार आवडते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग नळी कलती करायची. रक्त वाहिलं, तर इंजेक्शन सुरू. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. मशीन नाही, वीज नाही. पण माणूस आधी भगताकडे गेला, तर ही २० मिनिटं सुरूच उशिरा होतात.

लॅमचा प्रश्न मात्र अजून संपलेला नाही. औषधासाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. ती १९७८ ची. आणि घोणशीचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं. म्हणजे घोड्यानं ओळखलेली घोणस तिकडची, आणि बोईसरच्या बांधावर चावणारी इकडची.