डाव्या मनगटाचा इतिहास

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, पण दुचाकीला त्यावर बंदी. त्यामुळे तळेगाव दाभाड्याच्या बाइकवाल्यांच्या नशिबी जुना हायवेच. सोमाटणे फाटा, वडगाव, कामशेत, लोणावळा. अंतर फार नाही हो, पण वाटेत क्लच किती वेळा दाबतो ते एकदा मोजून बघा. घाट उतरून खोपोलीला थांबल्यावर चहाचा कप उजव्या हातात असतो, ते उगाच नाही.

तर मंडळी, हे डाव्या हाताचं दुखणं जुनं आहे, आणि त्याचा बराच इतिहास याच रस्त्यावर, आकुर्डीत घडलाय.

बजाज आधी पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायची. करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. रचना व्हेस्पाचीच. व्हेस्पाचे जनक कोराडिनो दास्कानियो मूळचे विमानांचे इंजिनियर, मोटारसायकलींवर त्यांचं फारसं प्रेम नव्हतं. १९४६ च्या व्हेस्पात त्यांनी गिअर हँडलवर आणला. पाय सुटले, मनगट अडकलं! चार बोटांनी क्लच दाबायचा आणि दाबलेला असतानाच अख्खी मूठ फिरवायची. पहिल्यासाठी वर, मग खाली, खाली, आणखी खाली. बोटांचे स्नायुबंध आणि एक महत्त्वाची नस मनगटातल्या एकाच अरुंद बोगद्यातून जातात. मनगट वाकवून मूठ आवळली की तिथला दाब वाढतो आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येतात. (दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्यांना ही बोटं ओळखीची असतील.) त्यात पावसाळ्यानंतर केबल गंजून जड झाली असेल तर विचारूच नका. एका पिढीने ऑफिस, लग्न, दवाखाना सगळं असंच केलं.

गंमत म्हणजे उपाय तेव्हाही होते. त्याच १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकची लूना आली. गिअर नाही, क्लचची दांडी नाही. जपानात होंडाच्या १९५८ च्या सुपर कबला आपोआप सुटणारा क्लच होता. सोबा पोचवणाऱ्या पोऱ्याला एका हाताने गाडी चालवता यावी, ही त्यामागची अपेक्षा. आणि म्हैसूरच्या येझदीत गिअरचा पायटा दाबला की क्लच आपणच सुटायचा. माझ्या मते येझदीची ही सोय आपल्याकडे कोणी नीट उचलली नाही, हे नुकसानच.

दुसरा शत्रू म्हणजे थरथर. १९१८ मध्ये अॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत इंडियानाच्या चुनखडी खाणीतले कामगार तपासले. हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी धरून त्यांची बोटं थंडीत पांढरी पडत, बधिर होत. मोटारसायकलची थरथर तेवढी भयंकर नाही, पण एका सिलिंडरचं इंजिन ४००० आरपीएमला सेकंदाला सुमारे ६७ वेळा हँडल हलवतं. मूठ जितकी घट्ट, तितकं ते हातात शिरतं. हँडलच्या टोकाला वजनं बसवतात ती शोभेची नाहीत. त्यांनी हँडलची थरथर कमी होते. बुलेटवाले वर्षानुवर्षं या थरथरीलाच रुबाब म्हणत आले. २०२० च्या मिटिअरपासून मात्र कंपनीने ३५० च्या नव्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट घातला. असो.

आजच्या गाडीवर करायचं काय? क्लचच्या दांडीचा बोल्ट सैल करून ती थोडी खाली फिरवा. बोटं ठेवल्यावर मनगट आणि कोपरापुढचा हात एका रेषेत यायला हवा. केबलला तेल द्या. सिग्नलला न्यूट्रल करा. घाटात क्लच दाबून उतरू नका, खालच्या गिअरने इंजिनलाच अडवू द्या. आणि टाकी गुडघ्यांनी धरा, हँडलला लटकू नका. करंगळी-अनामिका बधिर होत असेल तर सहसा तळहाताच्या कडेवर भार पडतोय. घरी येऊनही मुंग्या राहिल्या तर डॉक्टर गाठा, ग्लोव्ह्ज बदलत बसू नका.

चेतक पुढे बंद झाली, आणि २०२० मध्ये त्याच नावाने विजेवर परत आली. गिअर नाही, क्लच नाही. डाव्या हाताला फक्त मागचा ब्रेक. उजव्या हाताने मात्र अजूनही थ्रॉटल पिळूनच धरायचा आहे :)