वडापाव साखळी उपाहारगृहे

वडापाव साखळी उपाहारगृहे म्हणजे एकच नाव, एकसारखी पाककृती आणि ठरावीक मांडणी राखून वडापाव व तत्सम पदार्थ विकणारी, एका मुख्य संस्थेशी व्यावसायिक करारांनी जोडलेली विक्रीकेंद्रे होत. अशा खासगी साखळ्यांचा उदय महाराष्ट्रात मुख्यतः २००१ नंतर झाला. जम्बोकिंग आणि गोली वडापाव ही त्यांतील सर्वपरिचित नावे आहेत. स्वच्छता, समान चव आणि झटपट सेवा या बळावर या साखळ्या वेगाने पसरल्या. पुढे मात्र हातगाडीवरील स्वस्त व ताज्या वड्याशी स्पर्धा करताना त्यांना आपल्या पदार्थांचे स्वरूप बदलावे लागले. साखळ्या आल्या तरी महाराष्ट्रातील वडापावची विक्री प्रामुख्याने स्वतंत्र गाडीवाल्यांच्याच हाती राहिली आहे.

पूर्वपीठिका

बटाटेवडा हा पदार्थ महाराष्ट्रात जुनाच आहे. तो पावात घालून विकण्याची सुरुवात १९६६ मध्ये मुंबईतील दादर रेल्वे स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी केली, असे सामान्यतः मानले जाते. गिरणीत पाळीवर जाणाऱ्या कामगाराला उभ्या उभ्या, एका हातात धरून खाता येईल असे हे पोटभरीचे खाणे होते. त्यासाठी ताट, टेबल वा बसायची जागा लागत नसे. त्याच वर्षी स्थापन झालेल्या शिवसेनेने मराठी तरुणांनी नोकरीची वाट न पाहता अशा गाड्या टाकाव्यात, यासाठी उत्तेजन दिले.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी होते. संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत चालू झाल्याच नाहीत. रोजगार गमावलेल्या अनेक कुटुंबांनी उदरनिर्वाहासाठी वडापावची गाडी लावली. एक कढई, एक झारा, एक स्टोव्ह आणि दिवसभराचे बटाटे, बेसन व तेल एवढ्या भांडवलावर हा धंदा उभा राहू शकत होता. अल्प भांडवल हेच या व्यवसायाचे बळ ठरले. साखळ्यांना पुढे ज्या स्पर्धेला तोंड द्यावे लागले तिचे मूळही येथेच आहे.

साखळी पद्धतीचे विदेशी आदर्श

तळलेल्या पदार्थांची साखळी उभारण्याची पद्धत अमेरिकेत तळलेल्या कोंबडीच्या व्यवसायात विकसित झाली. केंटकी राज्यातील हारलँड सँडर्स यांनी १९५२ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथील एका उपाहारगृहचालकाला आपली पाककृती वापरण्याचा पहिला परवाना (फ्रँचायझी) दिला. १९६४ मध्ये त्यांनी केंटकी फ्राइड चिकन ही कंपनी २० लाख डॉलरना विकली. तिचे यश पाहून अमेरिकेत अनेक प्रादेशिक साखळ्या निघाल्या. नॅशव्हिल येथून सुरू झालेली 'मिनी पर्ल्स चिकन' ही त्यांतील गाजलेली साखळी. लोकप्रिय विनोदी कलावतीच्या नावावर तिने शेकडो परवाने विकले. परंतु प्रत्यक्षात सुरू झालेली दुकाने फार थोडी होती. परवान्यांपोटी येणे असलेली रक्कम उत्पन्न म्हणून दाखवण्याची तिची हिशेबपद्धती वादग्रस्त ठरली आणि १९७० च्या सुमारास साखळी कोसळली. दुकान चालण्याआधी दुकानाचा परवाना विकण्यातला धोका या उदाहरणाने स्पष्ट केला.

भारतात केंटकी फ्राइड चिकनचे पहिले दुकान १९९५ मध्ये बंगळूर येथे उघडले. पुढच्याच वर्षी मॅकडोनाल्ड्स दिल्ली व मुंबई येथे आले. महाराष्ट्रात कोंबडीच्या पदार्थांची साखळी उभारण्याचा प्रयत्न पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीज समूहाने (स्थापना १९७१) 'व्हेंकीज एक्सप्रेस' या नावाने केला. मात्र मराठी शहरांत साखळी पद्धतीचा ठळक प्रयोग झाला तो शाकाहारी, स्वस्त आणि सर्वांना परिचित असलेल्या वडापाववर.

राज्यपुरस्कृत केंद्रे

खासगी साखळ्यांपूर्वी राज्यात सरकारी आश्रयाने एक मोठा प्रयोग झाला होता. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या शिवसेना–भारतीय जनता पक्ष युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली. बेरोजगारांना जागा व अनुदान आणि गरिबांना स्वस्त जेवण, असा तिचा दुहेरी हेतू होता. एक रुपयात भाकरीचा खर्च निघणे अनुदानाशिवाय शक्य नव्हते. त्यामुळे अनेक केंद्रांत झुणका-भाकर मागे पडली आणि वडापाव, चहा व इतर पदार्थांची विक्री होऊ लागली. पुढील काँग्रेस–राष्ट्रवादी काँग्रेस आघाडी सरकारने ही योजना बंद केली. केंद्रांच्या जागांबाबतचे वाद त्यानंतरही चालू राहिले.

शिवसेनेने २००८-०९ च्या सुमारास 'शिववडा' या नावाने मुंबईत वडापावच्या गाड्यांचा उपक्रम हाती घेतला. सारखी चव आणि सारखे नाव असलेला वडापाव मराठी तरुणांमार्फत विकावा, ही त्यामागील कल्पना होती.

खासगी साखळ्यांचा उदय

जम्बोकिंग

धीरज गुप्ता यांनी २००१ मध्ये मुंबईतील मालाड रेल्वे स्थानकाजवळ पहिले दुकान उघडले. प्रारंभी दुकानाचे नाव 'चाट फॅक्टरी' असे होते. इतर पदार्थांपेक्षा वडापावला अधिक मागणी असल्याचे लक्षात आल्यावर त्यावरच भर देण्यात आला आणि नाव बदलून 'जम्बोकिंग' ठेवण्यात आले. नेहमीपेक्षा मोठा वडा, कागदी वेष्टन आणि स्थानकाला लागून असलेले लहानसे दुकान ही त्याची वैशिष्ट्ये होती. लोकलमधून उतरणाऱ्या प्रवाशाला हातगाडीपेक्षा थोडे जास्त पैसे देऊन स्वच्छतेची हमी मिळावी, हा त्यामागील विचार होता.

गोली वडापाव

वेंकटेश अय्यर यांनी २००४ मध्ये कल्याण येथे 'गोली वडापाव'ची सुरुवात केली. सुरुवातीला वडे हाताने बनवले जात. त्यामुळे आकार व चव सारखी राहत नसे आणि मालाची नासाडीही होई. यावर उपाय म्हणून वड्यांचे उत्पादन यंत्राधारित कारखान्यात हलवण्यात आले. नवी मुंबईजवळील तळोजा येथील, मॅकडोनाल्ड्सलाही माल पुरवणाऱ्या व्हिस्टा या कंपनीशी त्यासाठी करार झाला. तयार वडे गोठवून शीतवाहनांतून दुकानांत पोहोचू लागले. यामुळे साखळीला मुंबईबाहेरील लहान-मोठ्या शहरांत आणि इतर राज्यांत पसरता आले. तिच्या वाटचालीचा समावेश व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमांतही झाला.

कार्यपद्धती

साखळीचा मुख्य आधार फ्रँचायझी करार हा असतो. दुकान चालवणारी व्यक्ती प्रारंभी शुल्क भरते. जागेचे भाडे, सजावट व यंत्रसामग्रीचा खर्च करते आणि कच्चा माल मुख्य संस्थेकडून घेते. विक्रीचा काही हिस्सा स्वामित्वधन म्हणून मुख्य संस्थेला द्यावा लागण्याची पद्धतही रूढ आहे. दुकानात सारण शिजवणे वा बेसन भिजवणे अशी कामे राहत नाहीत. गोठवलेला वडा ठरावीक तापमानाच्या तेलात ठरावीक वेळ तळला की झाले. त्यामुळे कुशल आचाऱ्याची गरज संपते आणि चव सर्वत्र सारखी राहते.

याची दुसरी बाजू खर्चाची आहे. गोठवण, वाहतूक, दुकानभाडे, वीज, पगार, जाहिरात आणि स्वामित्वधन हा सारा भार एका वड्याच्या किमतीवर पडतो. गाडीवाल्याच्या घरातच सारण तयार होते, कुटुंबातील माणसे हातभार लावतात आणि दुकानभाडे बहुधा नसतेच. दुकान अपेक्षेप्रमाणे चालले नाही, तर प्रारंभीचा तोटा मुख्यतः दुकानचालकाच्या बचतीला सोसावा लागतो.

मर्यादा आणि स्थित्यंतर

वडापावच्या साखळ्यांपुढील अडचणी पुढीलप्रमाणे सांगता येतात.

दर: वडापाव हे स्वस्त खाणे आहे, ही ग्राहकाची पक्की धारणा असते. त्यामुळे किंमत एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही.

ताजेपणा: गाडीवर ग्राहकाच्या डोळ्यांदेखत घाणा कढईतून निघतो. तळलेली मिरची, सुकी लसणाची चटणी आणि कढईतला चुरा यांसह मिळणाऱ्या त्या गरम वड्याची सर गोठवलेल्या वड्याला येत नाही, असे अनेक खवय्यांचे मत असते.

प्रादेशिक आवड: कोल्हापुरात तिखट रश्श्यातला कटवडा, तर नाशिकमध्ये पावात सारण भरून तो पाव बेसनात तळलेला उलटा वडापाव प्रसिद्ध आहे. एकच चव सर्व जिल्ह्यांत चालवणे त्यामुळे कठीण जाते.

स्थानिक नामवंत: ठाण्यातील कुंजविहार, कर्जतचे दिवाडकर, खोपोलीचे रमाकांत आणि पुण्यातील जोशी वडेवाले व रोहित वडेवाले यांना आपापला निष्ठावंत ग्राहकवर्ग आहे.

या कारणांमुळे साखळ्यांनी हळूहळू आपली ओळख बदलली. जम्बोकिंगने पुढे स्वतःस भारतीय बर्गरची साखळी म्हणून मांडले आणि गोल बर्गरपावातील विविध पदार्थांना प्राधान्य दिले. गोलीनेही इतर तळीव पदार्थांची भर घातली. बर्गर म्हटले की ग्राहक अधिक किंमत मोजण्यास तयार होतो, हे या बदलामागील व्यावहारिक कारण होय. मार्च २०२० मध्ये कोरोना महासाथीमुळे मुंबईची लोकल सेवा सर्वसामान्य प्रवाशांसाठी बंद झाली. लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या प्रवाशांना १५ ऑगस्ट २०२१ पासून पुन्हा प्रवासाची मुभा मिळाली. स्थानकावरील वर्दळीवर अवलंबून असलेली दुकाने आणि गाड्या या दोहोंसाठी हा काळ कठीण होता.

ग्रामीण भागातील स्थिती

तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांत वडापाव सर्वत्र मिळतो. मात्र तो मुख्यतः एस. टी. स्थानकाजवळील उपाहारगृहे, टपऱ्या आणि आठवडे बाजारातील गाड्यांवर. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील म्हसवड येथे मार्गशीर्षात श्री सिद्धनाथाची रथयात्रा भरते. अशा यात्रांत भजी व वड्यांच्या कढया तात्पुरत्या पालांत लागतात आणि यात्रा संपली की हलतात. माणसारख्या अवर्षणप्रवण भागात गिऱ्हाइकी यात्रा, बाजार आणि पीकपाण्यानुसार कमी-अधिक होते. दुकान मोजक्या दिवसांसाठी मांडून आवरता येणे येथे सोयीचे ठरते. बारमाही भाडे आणि शीतसाखळी यांवर चालणाऱ्या दुकानाला हे शक्य होत नाही.

परदेशात

लंडनमधील हाउन्स्लो येथे सुजय सोहनी व सुबोध जोशी यांनी २०१० मध्ये 'श्रीकृष्ण वडापाव' सुरू केले. जागतिक मंदीत नोकरी गेल्यानंतर उभारलेल्या या व्यवसायाच्या पुढे तेथे अनेक शाखा निघाल्या.

कायदेशीर चौकट

खाद्यविक्रेत्यांना अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी किंवा परवाना आवश्यक असतो. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्रय विनियमन) अधिनियम, २०१४ या कायद्याने फेरीवाल्यांचे सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समित्यांची तरतूद केली. दुकानाला करारान्वये निश्चित जागा असते, तर गाडीवाल्याची जागा या कायद्याच्या अंमलबजावणीवर अवलंबून असते. स्वस्त वडापावचे भवितव्य त्यामुळे चवीइतकेच शहरातील पदपथांच्या नियोजनाशी निगडित आहे.

हेही पहा

वडापाव
बटाटेवडा
झुणका-भाकर
शिवभोजन थाळी
मुंबईतील गिरणी कामगारांचा संप (१९८२)
म्हसवड