शंभर अधिक वय

वय वाढले की रक्तदाब वाढायचाच, असे आपल्या घरांतून फार दिवस मानले जात असे. त्याचा एक सोपा हिशेबही होता : शंभरात आपले वय मिळवावे; जो आकडा येईल तो आपला हक्काचा रक्तदाब. सत्तरीच्या गृहस्थाने एकशे सत्तरावर निर्धास्त असावे. हिशेब इतका सुटसुटीत की तिसरीतल्या पोरानेही मांडावा. आणि आम्हां मास्तरलोकांचा अनुभव असा की, जे गणित फार सहज सुटते त्याचे उत्तर एकदा ताडून पाहिलेले बरे. हा हिशेब काही आजीबाईच्या बटव्यातला नव्हे. तो पाश्चात्त्य वैद्यकातून आलेला आहे, आणि तो पुसून टाकायला विसावे शतक जवळजवळ सारे खर्ची पडले.

आपले जुने वैद्य नाडी पाहत. ‘शार्ङ्गधरसंहिते’त वाताची नाडी जळू आणि सर्प यांच्या चालीने जाते, पित्ताची बेडकासारखी उडते, कफाची हंसासारखी डुलते, असे सांगितले आहे. हे वर्णन मोठे देखणे आहे. पण हंसाची चाल कालच्यापेक्षा आज किती वाढली हे कोणी सांगू शकत नसे. दाबाला आकडा हवा होता. तो प्रथम मिळाला एका इंग्रज पाद्र्याला. टेडिंग्टन गावचे धर्मगुरू स्टीफन हेल्स यांनी एक निकामी झालेली घोडी पाठीवर आडवी बांधली, तिच्या मांडीच्या रोहिणीत पितळी नळी घातली आणि तिला नऊ फूट उंचीची काचेची नळी जोडली. रक्त सरसर चढले ते आठ फूट तीन इंचांवर जाऊन ठेपले! हा वृत्तांत त्यांनी १७३३ साली छापला. देवाच्या सेवकाने मुक्या जनावराचे असे हाल करावेत याचे आज आपल्याला नवल वाटते, पण त्या काळी फारसे कोणाला वाटले नसावे. ते असो. माणसावर हा प्रयोग करणे शक्यच नव्हते, म्हणून पुढची दीडशे वर्षे बाहेरून, कातडी न फोडता दाब मोजण्याच्या खटपटीत गेली.

ती खटपट फळाला आणली १८९६ साली तुरिन शहरातल्या शिपिओने रिवा-रॉच्ची या डॉक्टराने. त्याने सायकलीच्या आतली रबरी ट्यूब घेतली, ती दंडाभोवती गुंडाळून फुगवली आणि पाऱ्याच्या नळीला जोडली. मनगटाची नाडी कोणत्या आकड्याला बंद पडते, तो वरचा दाब. खालचा आकडा मिळायला १९०५ साल उजाडावे लागले. सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय कोरोत्कोव्ह या शल्यवैद्याने फुगवलेल्या पट्ट्याखाली कानाची नळी लावली, हवा हळूहळू सोडली आणि ठोके केव्हा सुरू होतात, केव्हा मावळतात ते ऐकले. त्याच्या निबंधाने एक पानही भरले नाही. त्या पाऊण पानावर साऱ्या जगाचे दवाखाने शतकभर चालले.

आकडा तर हाती आला; त्याचे करायचे काय? इथे मोठमोठे डॉक्टर चकले. त्यांचे म्हणणे असे की, म्हातारपणी रक्तवाहिन्या ताठर होतात, त्यांतून रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. तेव्हा वाढलेला दाब हा आजार नसून गरज आहे. या विकाराच्या इंग्रजी नावातला ‘इसेन्शियल’ हा शब्द याच समजुतीची खूण आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९४४ च्या मार्चमध्ये हृदयरोगतज्ज्ञाने तपासले, तेव्हा दाब १८६ वर १०८ होता. त्यांचे नेहमीचे डॉक्टर, जे मूळचे कान-नाक-घशाचे, लोकांना सांगत की अध्यक्षांची प्रकृती त्यांच्या वयाच्या मानाने ठीक आहे. १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथे अध्यक्षांच्या डोक्यात भयंकर कळ आली. त्या वेळी दाब ३०० वर १९० भरला, आणि काही तासांतच मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. वय अवघे ६३. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाची ही कथा. मग चाळीतल्या पेन्शनराची कोण पत्रास ठेवतो?

१९६७ साली एडवर्ड फ्रीस यांनी अमेरिकेतील १४३ माजी सैनिकांवरच्या औषधोपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खोटी गोळी घेणाऱ्यांत २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवले, खरी गोळी घेणाऱ्यांत फक्त दोघांवर. तरीही म्हाताऱ्यांचा प्रश्न बाजूलाच राहिला. तो सुटला १९९१ साली. साठीपुढच्या ४,७३६ स्त्री-पुरुषांत, नुसता वरचाच आकडा चढलेला असतानाही, औषधाने पक्षाघाताचे प्रमाण शेकडा ३६ ने घटले. मग कोणी म्हणाले, ऐंशीनंतर कशाला छळता? २००८ साली त्याचेही उत्तर आले : ऐंशी ओलांडलेल्या ३,८४५ जणांची पाहणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली, कारण औषध न घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. शंभर अधिक वय हा हिशेब असा मोडीत निघाला.

पण या साऱ्या इतिहासात मोजणारा हात नेहमी डॉक्टरचाच. त्यातही एक गंमत होती. १९८३ साली इटलीत ज्युझेप्पे मान्चिया यांनी रुग्णांच्या रोहिणीतला दाब अखंड टिपून ठेवला आणि मग डॉक्टरांना खाटेशी पाठवले. डॉक्टर दिसताच दाब उसळे, सरासरी २७ अंशांच्या आसपास! म्हणजे दवाखान्यातला आकडा पुष्कळदा रोग्याचा नसतो, त्याच्या धास्तीचा असतो. शाळेत इन्स्पेक्टर आले म्हणजे हुशार मुलाचेही पाढे चुकतात, तशातलाच हा प्रकार.

म्हणूनच घरातल्या मेजावर आलेल्या त्या विजेच्या डबीचे महत्त्व मला फार वाटते. तिला कान नाहीत. कोरोत्कोव्हचे ठोके ती ऐकत नाही. पट्टा सैल होत असता धमनीच्या धक्क्याने आतल्या हवेत जी थरथर होते, ती ती टिपते. थरथर सर्वांत मोठी होते तो मधला दाब, आणि वरचा-खालचा आकडा ती त्यावरून गणिताने काढते. ही थरथर फ्रान्सच्या एतिएन-ज्यूल मारे यांनी १८७६ सालीच पाहिली होती. हिशेब करणारी चकती शंभर वर्षांनी निघाली. मात्र डबीला फसवणे सोपे आहे. दंडाला लहान पट्टा आवळला, हात लोंबकळत ठेवला, जिना चढून आल्या आल्या मोजले, मोजताना सुनेशी वाद घातला, की आकडा चढतो. नाडी अनियमित असली तर ती स्वतःही गोंधळते. आणि दर तासाला मोजून घर डोक्यावर घेणारे आजोबाही मी पाहिले आहेत; त्यांच्यापुढे यंत्र काय करणार?

या डबीची खरी परीक्षा इंग्लंडात झाली. रक्तदाब आटोक्यात नसलेले ५२७ जण, ३५ ते ८५ वर्षांचे, निवडले. त्यांतल्या निम्म्यांना घरी मोजायला शिकवले; आकडे तारेने दवाखान्याकडे जात. शिवाय डॉक्टरांनी आधीच एक तक्ता ठरवून दिला होता : आकडा सलग चढा राहिला तर कोणती गोळी किती वाढवायची. ती वाढवण्याचा निर्णय रुग्णानेच घ्यायचा, दर वेळी डॉक्टरांपुढे जाऊन बसायचे नाही. उरलेल्यांची नेहमीची दवाखान्यातली देखरेख चालू राहिली. २०१० साली निकाल छापून आला. वर्षअखेर नेहमीच्या पद्धतीत वरचा दाब १२.२ ने उतरला होता, घरी मोजणाऱ्यांचा १७.६ ने.