अळणीची बखर

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीज आटोपली होती. फराळाच्या डब्यांत चकल्यांचे तुकडे आणि शेवेचा चुरा तेवढा उरला होता. चार दिवस लाडू-करंज्या खाऊन तोंडाला मिठी बसली होती. अशा वेळी आमच्या सूनबाईंनी जाहीर केले, "आज घरी चिनी सूप. गाडीवरचे नव्हे, अगदी मुळापासून!"

आमचे घर कांजूरमार्गला. संध्याकाळी स्टेशनातून बाहेर पडले की लाल कंदिलांच्या चायनीज गाड्या आणि भल्यामोठ्या कढयांचा खणखणाट हा आमचा रोजचा शेजार. तेव्हा चिनी सुपाचे आम्हांला अप्रूप नव्हते. पण 'मुळापासून' या शब्दाने माझी आई सावध झाली. ती कागलची. रश्श्याच्या बाबतीत जगात कोणाचे ऐकून घेण्याची तिची तयारी नसते. ती स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसली.

सूनबाईंनी कोंबडीची हाडे, माना आणि पाय उकळत्या पाण्यात टाकले, चार मिनिटांनी उपसले आणि ते पाणी सरळ मोरीत ओतून दिले.

"अगं, सगळे सत्त्व ओतलेस की!" आई कळवळली.

"नाही हो आई. तो मळ होता. सत्त्व अजून हाडांतच आहे."

मग स्वच्छ धुतलेली हाडे गार पाण्यात गेली. सोबत ठेचलेले आले, पातीचा कांदा. हळद नाही, मसाला नाही, मीठसुद्धा नाही. अडीच तास ते पातेले मंद आचेवर नुसते कुजबुजत होते. शेवटी गाळलेल्या पाण्याची एक वाटी, वर चिमूटभर मीठ घालून, आईच्या हाती आली. तिने एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि निकाल दिला, "ही तर आपली अळणी! हळद विसरलीस, एवढेच."

सूनबाई म्हणाल्या ही चिन्यांची, आई म्हणाली ही आपली. इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून खटला माझ्याकडे आला. त्या खटल्याची ही बखर.

प्रथम वादीची बाजू. कोल्हापूर, सातारा, सोलापूर या बाजूला मटण किंवा कोंबडी शिजवताना आधी हळद, आले-लसूण आणि बेताचे मीठ घालून ती पाण्यात उकडतात. त्या उकडलेल्या पाण्याला म्हणायचे अळणी. नावाप्रमाणे ते पुरते बिनमिठाचे नसते. तिखट-मसाल्याचा स्पर्श झालेला नसतो, एवढाच अर्थ. याच पाण्यातून पुढे तांबडा रस्सा होतो, याच पाण्याला नारळाचे दूध, खसखस, काजू लावून पांढरा रस्सा होतो. पण त्याआधी पहिली वाटी घरातल्या तान्ह्या-लेकुरवाळ्यांची, बाळंतिणीची आणि आजारातून उठलेल्याची. माझ्या लहानपणी मला विषमज्वर झाला होता. ताप उतरल्यावर पहिले अन्न म्हणून आजीने चमच्याचमच्याने अळणीच पाजली होती. त्या वाटीची वाफ अजून माझ्या नाकात आहे.

ही प्रथा आजीने शोधली नाही. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत 'मांसरस' मानाने येतो. क्षीण झालेल्याला, आजारातून उठलेल्याला बळ देणारा म्हणून त्याची थोरवी सांगितली आहे. गंमत अशी की 'सूप' हा शब्दही आपल्याला परका नाही. संस्कृतात सूप म्हणजे वरण, आणि सूपकार म्हणजे स्वयंपाकी. इंग्रजांचा 'सूप' वेगळ्या कुळातला, उच्चाराने तेवढा जुळा. आणि मराठीतले धान्य पाखडायचे सूप ते तिसरेच!

आता प्रतिवादीची बाजू. ती ऐकली तेव्हा माझी मान थोडी खाली गेली. चीनच्या प्राचीन विधिग्रंथांत, 'ली ची'त, यज्ञाच्या वेळी देवापितरांना अर्पण करायच्या एका 'महारसा'चा उल्लेख आहे. मांस उकडून काढलेले हे पाणी. त्यात मीठ नाही, मसाला नाही. पुढे स्वयंपाकाची कला कितीही वाढली, तरी पितरांपुढे ठेवायचा रस बिनचवीचाच ठेवावा, कारण साधेपणातच त्याचा मान आहे, असा त्यामागचा विचार. म्हणजे तिकडेही अळणीच, आणि ती थेट देव्हाऱ्यात!

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातल्या 'लू शी छुन छिऊ' या ग्रंथात यी यिन नावाच्या स्वयंपाक्याची कथा आहे. शांग घराण्याच्या थांग राजाला त्याने राज्यकारभार समजावून सांगितला तो स्वयंपाकाच्या भाषेत. सर्व चवींचे मूळ पाणी. आणि आचेवर ताबा असला की उग्र वास जातो, सत्त्व राहते, हा त्याचा उपदेश. राजाने त्याला प्रधान केले. आपल्याकडे आचारी प्रधान झाल्याचे ऐकिवात नाही. प्रधानांची मात्र पुष्कळदा खिचडी झालेली आहे.

या विचारातूनच चिनी पाककलेत 'थांग' म्हणजे रस्सा हा पाया ठरला. कँटनकडचे आचारी कोंबडी, डुकराचे मांस आणि खारवलेली मांडी यांचा जो उंची रस्सा काढतात, त्याला 'शांग थांग' म्हणतात. तो सणासुदीचा. घरचा साधा रस्सा म्हणजे कोंबडी, आले, पातीचा कांदा आणि पाणी. आमच्या सूनबाईंनी केला तो हाच. तिकडेही बाळंतिणीला कोंबडीचा रस्सा देतात, हे वाचून आई एकदम गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "देणारच. बाई तिकडची असो की इकडची."

तर मग उसनवारी कोणी कोणाची केली? माझ्या मते कोणीच नाही. हाडे, पाणी आणि विस्तव जिथे जिथे एकत्र आले, तिथे हा रस आपोआप जन्मला. मात्र एक उसनवारी आहे, ती पातेल्याबाहेरची. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. २०२० साली आठशेहून अधिक कोंबड्यांचे जनुक तपासून शास्त्रज्ञांनी सांगितले, की पाळीव कोंबडीला सर्वांत जवळची रानजात नैऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि ब्रह्मदेश या टापूतली आहे. म्हणजे कोंबडी तिकडची! पण २००८ साली आणखी एक गोष्ट सिद्ध झाली होती. पाळीव कोंबड्यांना पिवळी कातडी देणारे जनुक तांबड्या रानकोंबड्याचे नाही. ते आले करड्या रानकोंबड्याकडून, जो आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिण हिंदुस्थानात पहाटे आरवतो. कँटनचा आचारी बाजारात पिवळ्या कातडीची कोंबडी हौसेने निवडतो. त्या पिवळेपणात आमच्या घाटाचा अंश आहे, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

चीनशी आपला संबंध तसा जुना. कालिदासाच्या नाटकात 'चीनांशुक' फडफडते. आपली बरणी चिनी मातीची. आणि सकाळी उठल्यावर ज्याच्यावाचून घर चालत नाही त्या चहाचे नावसुद्धा चिनी. पण आमच्या परिसराचा संबंध याहून जवळचा, आणि इतका गोड नाही. कांजूरला लागून पवई. ती पवईची जहागीर १८२९ सालापासून फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे होती. त्यांनी तिथे आंब्याच्या बागा लावल्या आणि १८३८ साली व्हिक्टोरिया राणीला आंबे धाडले. या बनाजी घराण्याची जहाजे चीनच्या सफरी करीत. सर जमशेटजी जिजीभाई यांची दौलतही चीनच्याच व्यापारातली. त्या काळी मुंबईच्या बंदरातून चीनला कापूस जाई आणि त्याबरोबर माळव्याची अफू जाई. येताना चहा, रेशीम आणि चिनी भांडी येत. या अफूपायी १८३९ ते १८४२ असे युद्ध पेटले. मुंबईच्या किती रुग्णालयांना, किती धर्मशाळांना त्या पैशाचे हात लागले आहेत, हे आठवले की चहाचा घोट जरा जड जातो. त्यांनी आपल्याला चहा दिला. आपण त्यांना काय दिले?

उतराई म्हणावे असे एकच नाव मला आठवते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत राहिले, तिथल्याच परिचारिकेशी त्यांनी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच देह ठेवला.

चिनी माणसे आपल्याकडे आली ती निरनिराळ्या वाटांनी. महाबळेश्वरला १८३४ ते १८६४ या काळात चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. हे कैदी बटाटे आणि विलायती भाज्या पिकवीत. मुंबईत खलाशी आले, सुतार आले, चांभार आणि दातांचे वैद्य आले. माझगावात १९१९ साली उभारलेले त्यांचे 'सी यप कून' देऊळ आजही आहे. जिन्याने वर जावे तो क्वान कुंग या वीरदेवतेपुढे उदबत्त्या जळत असतात. कुलाब्याचे 'नानकिंग', चर्चगेटचे 'कामलिंग' ही उपाहारगृहे जुन्या मुंबईकरांच्या आठवणीत आहेत.

मग १९६२ साल उजाडले. सीमेवर युद्ध झाले आणि इथल्या चिनी माणसाकडे, त्याची दुसरी-तिसरी पिढी इथे जन्मलेली असली तरी, संशयाने पाहिले जाऊ लागले. आसाम आणि बंगालकडच्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले. त्यांत बायका होत्या, मुले होती. मुंबईतलीही अनेक कुटुंबे देश सोडून गेली. चिन्यांच्या हातचे आपल्याला आवडत राहिले. चिनी शेजारी मात्र टिकला नाही. आपल्या इतिहासातले हे पान वाचताना माझा आवाज खाली येतो, आणि तो यावाच.

माणसे पांगली आणि पदार्थ फोफावला. कलकत्त्याहून आलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात 'चिकन मंचुरियन' प्रथम केले असे सांगतात. मंचुरियाला त्याचा पत्ता नाही! पुढे ते 'चायनीज' उपनगरांतल्या गाड्यांवर उतरले. स्वस्त, झणझणीत, गरमागरम. मी त्याला नावे ठेवणार नाही. चार पोरांचे संसार त्या कढईवर चालतात. पण या प्रवासात एक वस्तू मागे राहिली. ती म्हणजे रस्सा. पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी साधे पाणी, मक्याचे पीठ आणि 'अजिनोमोटो'ची चिमूट आली.

त्या चिमटीचीही कथा ऐकण्यासारखी आहे. जपानी रसायनज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्रशेवाळाच्या रश्श्यातून त्याची रुची देणारे द्रव्य वेगळे काढले. दुसऱ्याच वर्षी ते बाजारात आले. १९६८ साली एका वैद्यकीय नियतकालिकातल्या पत्रावरून त्याच्याविषयी भीतीचे काहूर उठले. पुढच्या काळजीपूर्वक चाचण्यांत त्या भीतीला पक्का आधार मिळाला नाही. तेव्हा ती भुकटी म्हणजे विष नव्हे. रश्श्याच्या रुचीतला तो एक सूर आहे. पण एका सुराने गाणे होत नाही. हाडांतला चिकटपणा, कोंबडीचा वास, अडीच तासांची आच हे भुकटीत कुठून येणार?

वाचकांपैकी कोणाला ही अळणी घरी करून पाहायची असेल तर सूनबाईंची कृती अशी. एक किलो हाडे, माना, पाय. पाय हवेतच, त्यांनीच रस्सा दाट होतो. चार मिनिटे उकळून ते पाणी टाकावे आणि हाडे नळाखाली धुवावीत. मग तीन लिटर गार पाणी, दोन बोटे लांबीचे आले ठेचून आणि पातीच्या कांद्याच्या तीन-चार काड्या. उकळी फुटू लागताच आच कमी करावी. बुडबुडा एकेक यावा, खदखदू नये. खदखदले की चरबी पाण्यात फुटून मिसळते आणि रस्सा गढुळतो. वर येणारा फेस काढीत जावे, ढवळू नये. अडीच तासांनी गाळावे. मीठ वाटीत, ज्याचे त्याने. उरलेला लवकर निववून शीतकपाटात ठेवावा. दुसऱ्या दिवशी तो जेलीसारखा थिजला तर समजावे, साधले. दोन-तीन दिवसांत संपवावा.

राहता राहिला निकाल. आमच्या कांजूरच्या पूर्वेला मिठागरे. मिठागरांच्या या गावात बसून बिनमिठाच्या रसाचा न्याय करायचा, हाही एक योगच! मी दोघींनाही सांगितले, की दावा दोघींचा खरा. आईला ते पटले नाही. पण या वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशीच तिने सूनबाईंना विचारले, "भाऊबीज झाली की ते तुझे चिनी पाणी करणार आहेस ना? मला शिकव. ते पहिले पाणी ओतून द्यायचे तेवढे मात्र माझ्याच्याने व्हायचे नाही. ते तूच ओत."