मानेवरचा वळ बोलतो, गाव बोलत नाही : खर्ड्याचा धडा

जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव पाठ्यपुस्तकात येते ते १७९५ च्या मराठे-निजाम लढाईमुळे. आपल्या माणसांना ते आणखी एका कारणाने ठाऊक आहे. याच लढाईत सिदनाक महार लढला आणि छावणीत त्याच्या तंबूला सवर्ण सरदारांनी हरकत घेतली, असे परंपरा सांगते. रक्त चालते, शेजार चालत नाही!

त्याच खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा मृतदेह झाडाला लटकलेला सापडला. सवर्ण मुलीशी बोलला म्हणून त्याला शाळेतून ओढून नेले, मारहाण केली, जीव घेतला आणि आत्महत्या वाटावी म्हणून लटकवले, असा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयात खटल्यातील सर्व आरोपी निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते.

लटकलेला देह दिसला की पहिला शब्द येतो 'आत्महत्या'. म्हणून कार्यकर्त्याला मानेची भाषा थोडी तरी वाचता आली पाहिजे.

जिवंतपणी गळफास बसला तर वळ सहसा मानेच्या वरच्या भागात, हनुवटीच्या जवळ असतो. तो तिरका चढत गाठीकडे जातो आणि तिथे तुटतो. दोरीने गळा आवळला तर वळ बहुधा खाली, आडवा आणि मानेभोवती पूर्ण फिरलेला दिसतो. हाताने गळा दाबला तर नखांचे ओरखडे आणि बोटांचे डाग राहतात, आतल्या स्नायूंत रक्त साकळते. मारून नंतर लटकवले तर एकाच मानेवर दोन वेगळ्या कथा सापडू शकतात.

पण हे नियम आंधळेपणाने लावू नका. पाय जमिनीला टेकलेल्या गळफासातही वळ आडवा येऊ शकतो. जिभेच्या मुळाशी असलेले हायॉइड हाड मोडलेले नाही, म्हणून गळा आवळलाच नाही, हा युक्तिवादही फसवा आहे. कोवळ्या वयात हे हाड लवचिक असते, ते मोडेलच असे नाही. त्यामुळे एकट्या वळावर निकाल नको. अंगावरच्या इतर जखमा, कपडे, दोर, गाठ, फांदीची उंची हे सगळे एकत्र पाहावे लागते.

ही तपासणी घाईत होत नाही. आधी कवटी आणि छाती उघडून मानेतले रक्त निथळू द्यायचे, मग मान थराथराने उघडायची. नाहीतर चिरताना सांडलेले रक्त जखमेसारखे दिसते. २००६ च्या खैरलांजीत पहिल्या शवविच्छेदनावर इतके आक्षेप आले की पुरलेले मृतदेह बाहेर काढून पुन्हा तपासावे लागले. माती पुरावा जपत नाही, कुजवते.

म्हणून पहिले चोवीस तास आपले आहेत. दोराची गाठ सोडू नका, गाठीपासून दूर कापायला लावा. पंचनाम्यावर न वाचता सही करू नका. न्यायवैद्यक तज्ज्ञाकडून, चित्रीकरणासह शवविच्छेदन करण्याची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. शंका मिटेपर्यंत अंत्यविधीची घाई करू नका.

तरीही एक गोष्ट लक्षात ठेवा. मान फार तर सांगेल, मृत्यू कसा आला. कोणी मारले, हे माणसांनाच सांगावे लागते. ज्याने पाहिले तो त्याच गावात राहतो, त्याच शेतात मजुरीला जातो, त्याच दुकानातून उधार आणतो. त्याला दोष देणे सोपे आहे, त्याच्या पाठीशी उभे राहणे अवघड. ॲट्रॉसिटी कायद्यातील कलम १५अ पीडित आणि साक्षीदारांच्या संरक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकते. ते २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. खर्ड्याचा निकाल लागला तेव्हा हे कलम पुस्तकात होते. साक्षीदाराच्या दारात ते कधी पोहोचले?

मित्रांनो, घटनेच्या दिवशी आपण हजारोंनी जमतो. साक्षीच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात किती जण असतात? मोर्चा एका दिवसाचा असतो, खटला वर्षानुवर्षांचा. साक्षीदारासोबत प्रत्येक तारखेला दोन माणसे, त्याच्या घरी दर आठवड्याला एक फेरी, धमकी आली की त्याच दिवशी लेखी तक्रार, इतके तरी आपल्या हातात आहे.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' यातला पहिला शब्द शवविच्छेदनाच्या अहवालालाही लागू होतो. तो वाचायला शिका. जयभीम!