इस्राएल मोहल्ला, मुंबई

इस्राएल मोहल्ला : मुंबई शहराच्या मांडवी–खडक भागातील बेने इस्राएल समाजाची जुनी वस्ती. सॅम्युएल स्ट्रीट, तांतनपुरा स्ट्रीट व त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या यांमध्ये ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वाढत गेली. मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. बंदराच्या निकटतेमुळे या भागाला हे नाव मिळाले आणि त्याच कारणाने येथे व्यापार व दाट लोकवस्ती आली. १८०३ मध्ये कोटात लागलेल्या मोठ्या आगीनंतर कोटाबाहेरच्या वस्तीला वेग आला. तथापि बेने इस्राएल कुटुंबे त्यापूर्वीच येथे स्थिरावली होती.

बेने इस्राएल हे कोकणातील मराठी भाषिक ज्यू. त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. कुलाबा जिल्ह्यातील (सध्याचा रायगड) गावोगावी ते तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. दिवेकर, पेणकर, नवगावकर, किहीमकर, राजपूरकर ही त्यांची आडनावे मूळ गावांवरून पडली आहेत. पहिले कुटुंब १७४६ च्या सुमारास मुंबईस आले, असे समाजाच्या इतिहासकारांचे म्हणणे आहे. त्यांना येथे आणले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीने. सुतार व गवंडी म्हणूनही काही जण आले, परंतु समाजाला प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः लष्करातील एतद्देशीय अधिकारपदांमुळे.

अशा अधिकाऱ्यांपैकी सॅम्युएल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर हे या वस्तीच्या इतिहासातील प्रमुख पुरुष होत. दुसऱ्या इंग्रज–म्हैसूर युद्धात (१७८०–८४) ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. आपण ‘इस्राएल’ आहोत असे त्यांनी सांगताच टिपूच्या आईने, या लोकांचा उल्लेख कुराणात असल्याचे स्मरून, त्यांच्यासाठी रदबदली केली, अशी आख्यायिका आहे. तिचा तपशील लोककथेच्या वळणाचा आहे. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन, हा सामाजींचा नवस मात्र फळास आला. १७९६ मध्ये त्यांनी मांडवीत ‘शाअर हाराहमीम’ (दयेचे द्वार) हे सिनॅगॉग उभारले. मुंबईतील हे पहिले सिनॅगॉग. तोपर्यंत प्रार्थना घरोघरी होत. धर्मग्रंथाची गुंडाळी मिळविण्यासाठी सामाजी कोचीनला गेले व तेथेच १७९७ मध्ये मरण पावले. सॅम्युएल स्ट्रीट हे नाव त्यांच्यावरूनच पडले. सिनॅगॉगची वास्तू १८६० मध्ये त्याच रस्त्यावरील सध्याच्या जागी आली.

बेने इस्राएल लोक बोलीत सिनॅगॉगला ‘मशीद’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जमातीतील मतभेदांतून तांतनपुरा स्ट्रीटवर ‘शाअरे रासोन’ हे दुसरे सिनॅगॉग निघाले, तेव्हा पहिल्याला ‘जुनी मशीद’ व दुसऱ्याला ‘नवी मशीद’ म्हणण्याचा प्रघात पडला. शेजारच्या मशीद रेल्वे स्थानकाचे नाव या जुन्या मशिदीवरून आले, असे सांगण्यात येते. मुसलमानांच्या मशिदींशीही त्याचा संबंध जोडला जातो. स्थानकातून रोज जाणाऱ्या हजारो प्रवाशांना मात्र पहिल्या व्युत्पत्तीची शक्यताही ठाऊक नसते.

मोहल्ल्याचा कारभार मुकादम व त्याचे सहकारी पाहत. लग्ने, सुतक, तंटे, दंड हे सर्व विषय त्यांच्यापुढे येत. ‘गोरे’ व ‘काळे’ इस्राएल असा भेदही या समाजात दीर्घकाळ पाळला गेला. मिश्र विवाहांतून झालेल्या संततीस ‘काळे’ म्हणत व त्यांच्याशी रोटीबेटीव्यवहार टाळीत. परक्या भूमीवर स्वतःचे वेगळेपण जपणाऱ्या या छोट्या समाजाने आपल्याच माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवावे, ही विसंगती होती. सभोवतालच्या जातिव्यवस्थेचा संस्कार किती खोल गेला होता, याची ती खूण आहे.

भाषेच्या दृष्टीने हा मोहल्ला मराठीच्या इतिहासातही मोडतो. येथील लोकांना हिब्रूचे ज्ञान जुजबी होते. ते वाढविण्यास कोचीनचे ज्यू शिक्षक व ख्रिस्ती मिशनरी यांचे साहाय्य झाले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरे होऊ लागली. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची ‘हग्गादा’ मराठी अनुवादासह मुंबईत १८४६ मध्ये शिळाछापावर व पुण्यात १८७४ मध्ये सचित्र निघाली. १८८० मध्ये मुंबईत बेने इस्राएलांनी कीर्तनाचा प्रयोग केला. हिंदू हरिदासी परंपरेचा साज तसाच ठेवून आख्यान मात्र अब्राहाम, मोशे, योसेफ यांचे लावीत. पोहे, खोबरे, गूळ व फळे यांचा ‘मलिदा’ करून एलियाहू पैगंबराच्या नावाने वाटण्याची चाल कोकणातून येथे आली व टिकली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लष्करातील भरती जातवार पलटणींच्या तत्त्वावर होऊ लागली. अल्पसंख्य बेने इस्राएलांची स्वतंत्र तुकडी नव्हती. त्यामुळे बढतीचा मार्ग आक्रसला व तरुण कारकुनी, रेल्वे, टपाल या खात्यांकडे वळले. इंग्रजी शिक्षणाची निकड त्यातून निर्माण झाली. हाईम सॅम्युएल किहीमकर (१८३०–१९०८) यांनी १८७५ मध्ये समाजाची शाळा सुरू केली. तीच माझगावची सर एली कदूरी शाळा होय. किहीमकरांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेला समाजाचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. त्याच वर्षी डॉ. एलिजा मोझेस (राजपूरकर) मुंबईचे महापौर झाले.

मोहल्ल्याची वस्ती तोवर पांगू लागली होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे पहिले रोगी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर उतरली. दाट वस्तीच्या मांडवीला त्या वर्षांची झळ फार तीव्र बसली. ऐपत असलेली कुटुंबे भायखळा, आग्रीपाडा, माझगाव या मोकळ्या भागांकडे सरकली. आग्रीपाड्यात मागेन हसिदीम हे मोठे सिनॅगॉग झाले आणि समाजाचा गुरुत्वमध्य उत्तरेस गेला. मोहल्ल्यातील रिकाम्या झालेल्या घरांत गुदामे व दुकाने आली.

इस्राएल राष्ट्राच्या स्थापनेनंतर (१९४८) बहुसंख्य बेने इस्राएल तिकडे स्थलांतरित झाले. विवाहाच्या संदर्भात त्यांच्या ज्यूपणाविषयी तेथील धर्मपीठाने घेतलेल्या शंकांविरुद्ध त्यांना लढा द्यावा लागला. तो प्रश्न १९६४ मध्ये सुटला. तेथे त्यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालविले. मुंबईत राहिलेल्यांपैकी बरेच जण उपनगरांत व ठाण्यात आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. मोहल्ल्यात त्यांची घरे आता थोडीच उरली आहेत. सार्वजनिक प्रार्थनेस तेरा वर्षांवरील दहा पुरुषांची उपस्थिती लागते. जुन्या व नव्या मशिदीत ही संख्या जुळविण्यासाठी दूरच्या वस्त्यांतून माणसे यावी लागतात.